वेगळा साबण

९ जानेवारी

चि. ढब्या,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पत्र कसलं, पावतीच. "मी बरा आहे. थोडा थकवा असतो. ठकी आता आजोबामागे पळायला लागली. तुझ्या गुडघ्याला जप." संपलं. टेलिफोन ऑफिसच्या तक्रार विभागात उभा जन्म गेला माझा. जी माणसं आरडाओरडा करायची त्यांची नुसती वायर सुटलेली असायची. जी "थोडी खरखर येते" म्हणायची त्यांची अख्खी लाइन कुजलेली निघायची. तेव्हा थोडा म्हणजे किती, ते नीट लिही.

मागच्या वेळी आलास तेव्हा मी काही बोलले नाही, पण डोळे उघडे होते. जेवण झाल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागलास. पोट पुढे, हातपाय बारीक. बटाट्याला काड्या टोचल्यासारखा दिसत होतास. दिवसभर दुसऱ्यांच्या हाडांचे फोटो काढतोस, एकदा स्वतःला आरशात बघ. साखर वाढली असणार. एक्स-रे खोलीतल्या टेबलाच्या खणात बिस्किटं असतात हे मला माहीत आहे, नाही म्हणू नकोस. आणि तुझी बायको काय करते? शिवणक्लासच्या पोरींकडे बघायला वेळ आहे, नवऱ्याकडे नाही?

फोन घे, फोन घे, असं पुन्हा लिहू नकोस. निवृत्तीच्या दिवशी घरातला फोन मी काढून टाकला तो कायमचा. कानाला चिकटलेले आवाज पुष्कळ ऐकले. ज्याला सांगायचं आहे त्याने बसून लिहावं.

गुडघा आहे तिथेच आहे.

तुझी,
ताई


१८ जानेवारी

ती. ताईस,
सा. नमस्कार.

खणात बिस्किटं नाहीत. असायची. आता खण रिकामा आहे, हवं तर फोटो काढून पाठवतो.

तू विचारलंस म्हणून लिहितो. थकवा थोडा नाही. पूर्वी पेशंटला मी एकटा उचलून टेबलावर घ्यायचो. आता वॉर्डबॉयला हाक मारावी लागते आणि तो "अहो काका, बाजूला व्हा" म्हणतो. संध्याकाळी घरी येऊन बसलो की उठवत नाही. कशात मन लागत नाही. बायको काही बोलली की अंगावर धावून जातो, मग त्याचंच वाईट वाटतं. डोक्याला रोज तेल लावणारा मी, आता दाढीसुद्धा दोन-तीन दिवसांनी करतो, आणि ती वाढतेय तरी कुठे.

साखरेचे जुने डॉक्टर बदलून गेले. त्यांच्या जागी एक मुलगी आली आहे, आपल्या लेकीच्या वयाची. तिने आधी नेहमीचं सगळं विचारलं. मग पेन खाली ठेवून एक प्रश्न विचारला. नऊ वर्षांत तो मला कोणी विचारला नव्हता. तो मी तुला लिहू शकत नाही. नवराबायकोतला होता, एवढं समज. मी खिडकीकडे बघत खरं ते सांगितलं. मग तिने सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं, आणि पुन्हा काही दिवसांनी, तसंच सकाळी. एकदाच बघून ठरवत नाहीत म्हणे, आणि सकाळचंच रक्त लागतं. दोन्ही वेळा एक हार्मोन फार कमी निघालं. हवं त्याच्या अर्ध्यालाही जेमतेम पोचत होतं. कोणतं ते तू ओळखशील.

हे घरी माहीत नाही. तू कोणाला बोलू नकोस.

तुझा,
ढब्या


२५ जानेवारी

चि. ढब्या,
आशीर्वाद.

टेस्टोस्टेरॉन. घे, मी लिहिलं. कागद जळला नाही.

कॉन्व्हेंटच्या शाळेत मदर सुपीरियरने आम्हाला शरीरशास्त्राच्या पुस्तकातली चार पानं डिंकाने चिकटवून दिली होती. आम्ही ती वाफेवर धरून उघडली आणि वाचली. तेव्हापासून मला सगळं माहीत आहे. तू मात्र अजून त्या चिकटवलेल्या पानांतच बसला आहेस.

मला राग आला आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. नऊ वर्षं तू त्या दवाखान्यात जातोस. त्यांनी तुझे डोळे बघितले, मूत्रपिंड बघितलं, पायाला सुई टोचून लागतं का विचारलं. आणि मधल्या माणसाला कोणी काही विचारलं नाही! एका पोरीला यावं लागलं. तिला माझा नमस्कार सांग. आणि तू, मोठा लाजाळू! तोंड बंद ठेवून थकव्याला थकवा म्हणत राहिलास, आणि मी इथे बसून बिस्किटांना शिव्या देत राहिले.

आता पुढे काय ते सविस्तर लिही. साखरेचा आणि याचा संबंध काय? औषध काय? मला अर्धवट माहिती चालत नाही.

बायकोला का सांगत नाहीस ते तुझं तू जाण. मी कोणाला सांगणार? माझ्याकडे येतो कोण? पेपरवाला, आणि वरच्या मजल्यावरची एक बाई, जी जिन्यात भेटली की "काय म्हणता" विचारते आणि उत्तर ऐकायच्या आत दोन पायऱ्या वर गेलेली असते.

तुझी,
ताई


६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. नमस्कार.

डॉक्टरीणबाईंना तुझा नमस्कार सांगितला. त्या हसल्या. म्हणाल्या, "अशी बहीण सगळ्यांना हवी."

त्यांनी समजावलं ते असं. हे एक चाक आहे. पोटाभोवती चरबी साठली की इन्सुलिनला नीट काम करता येत नाही, आणि हे हार्मोनही खाली येतं. हार्मोन खाली आलं की स्नायू झिजतात, चरबी आणखी वाढते, हुरूप जातो. माणूस चालेनासा होतो आणि साखर पुन्हा वर जाते. पहिला धक्का कुठून बसला हे सांगता येत नाही. डायबेटिसच्या पुष्कळ पुरुषांत असं असतं म्हणे. कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. मी विचारलं, हे हार्मोन दिलं की साखर जाईल का? तर म्हणाल्या, "काका, तसली आशा धरू नका. साखरेचं औषध, चालणं, वजन आणि झोप हेच खरं. वजन उतरलं तर हार्मोन आपणहून थोडं वर येतं. हे औषध तुमच्या थकव्यासाठी आणि बाकीच्यासाठी." मधून मधून रक्त तपासायचं, ते दाट होत नाही ना हे बघायला.

औषध म्हणजे एक जेल आहे. रोज सकाळी अंघोळ झाली की खांद्यांवर आणि दंडांवर चोळायचं. मात्र एक ताकीद आहे. लावलेली जागा बायकांच्या आणि मुलांच्या अंगाला लागू द्यायची नाही. लागली तर औषध त्यांच्या अंगात जातं. लहान मुलांना तर फार वाईट, त्यांच्या अंगात नको ते बदल होतात. हे ऐकल्यावर त्यांनी पुढे काय सांगितलं ते मला नीट ऐकूच आलं नाही. मला समोर ठकी दिसायला लागली.

एक बरं आहे, ताई, की हे मला नवीन नाही. आमच्या कामात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. किरणांपासून जपायचं तर वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये भिंत. बटण दाबायच्या आधी मी जन्मभर भिंतीमागे गेलो आहे. तसंच घरी करतो. बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो. बायकोने विचारलं तर म्हटलं, माझ्या घोरण्याने तुझी झोप मोडते. रविवारी लेक ठकीला घेऊन आली. ती माझ्याकडे धावली तसा माझा हात आपोआप वर झाला, "थांब!" म्हणालो. पेशंटच्या नातेवाइकांना म्हणतो तसं. थांबली बिचारी. शहाणी आहे.

तुझा,
ढब्या


१३ फेब्रुवारी

चि. ढब्या,
आशीर्वाद.

शाबास. पहिल्यांदाच तू एखादी गोष्ट नीट केलीस.

पण अर्धवट शिस्त ही शिस्तच नव्हे. तू खांद्याला जेल लावतोस, मग तोच खांदा घरातल्या टॉवेलने पुसतोस, त्याच टॉवेलला तुझी बायको तोंड पुसते. अंघोळीचा साबण तोच. उशीचा अभ्रा तोच. याचा विचार केलास? टॉवेल वेगळा कर, साबण वेगळा कर आणि वेगळ्या डबीत ठेव. तुझे शर्ट, बनियन आणि चादर तू स्वतः धू, घरच्या कपड्यांत मिसळू देऊ नकोस. कॉन्व्हेंटमध्ये एका मुलीला खरूज झाली तेव्हा सिस्टरांनी असंच केलं होतं, आणि बाकी एकीलाही झाली नाही.

बायको विचारील. विचारू दे. डॉक्टरांनी सांगितलंय म्हण, पुढे गप्प राहा. अंतर ठेवल्याने कोणी मरत नाही. माझ्याकडे बघ. किती वर्षं झाली, माझा टॉवेल, माझा साबण, माझी खोली. मी धडधाकट आहे.

जेल लावल्यावर काही फरक जाणवतो का ते दर पत्रात लिहीत जा. मी वाट बघते.

तुझी,
ताई


२१ मार्च

ती. ताईस,
सा. नमस्कार.

उशीर झाला, रागावू नकोस.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. फरक आहे. सकाळी अंथरुणातून उठताना हातावर भार द्यावा लागत नाही. संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत असं चालतो. पट्टा एक भोक आत गेला. साखर थोडी उतरली, ती चालण्याने, जेलने नाही, असं डॉक्टरीणबाई बजावून सांगतात. काल एका पेशंटला मी एकट्याने उचललं.

बायको लेकीकडे गेली आहे. ठकीला बरं नव्हतं. थोडे दिवस राहील. शिलाई मशीनही नेलं आहे, तिकडे वेळ जायला.

घर शांत आहे. बाहेरच्या खोलीत झोपायची आता गरज नाही, पण सवय झाली आहे, तिथेच झोपतो.

तुझा,
ढब्या


२९ मार्च

सौ. भावजयीस,
आशीर्वाद.

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. आज लिहिते कारण गप्प बसवत नाही.

माझा भाऊ आजारी आहे हे तुला दिसतं की नाही? डायबेटिसचा माणूस, वेळेवर खाणं, वेळेवर औषध, आणि त्याला एकट्याला टाकून तू मशीन उचलून लेकीकडे जाऊन बसलीस! नातीला बरं नाही म्हणून चार दिवस गेलीस तर समजू शकते. मशीन घेऊन कोणी चार दिवसांना जात नाही. मला शिकवू नकोस, जाणारी माणसं काय काय उचलून नेतात ते मी पाहिलं आहे.

तो तक्रार करणार नाही. त्याची जातच ती. म्हणून मी करते. तुझं काय बिघडलं आहे ते मला स्पष्ट लिही.

तुझी नणंद


७ एप्रिल

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही स्पष्ट लिहायला सांगितलंत, म्हणून लिहिते. वाचून फाडून टाका.

ठकी ठणठणीत आहे. ताप वगैरे काही नव्हता.

दोन-तीन वर्षं ते माझ्याशी तुटक झाले होते. मी म्हटलं वय झालं, माझंही झालं. त्याचं मी मनाला लावून घेतलं नाही. पण या जानेवारीनंतर वेगळंच सुरू झालं. आधी अंथरूण बाहेर गेलं. मग एके दिवशी न्हाणीत एक नवा साबण दिसला, वेगळ्या डबीत. मी चुकून त्याला हात लावला तर ओरडले. टॉवेल वेगळा, त्याचा खिळाही वेगळा. आपले कपडे आपण धुवायला लागले. ज्या माणसाने जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही, तो चादर पिळत बसलेला मी बघत होते. विचारलं तर "डॉक्टरांनी सांगितलंय." काय झालंय विचारलं तर भिंतीकडे तोंड.

ठकी आजोबा आजोबा करत धावली तर तिला हात दाखवून थांबवलं. पोरगी जागच्या जागी उभी राहिली आणि तिने चड्डी ओली केली. लेकीने ते पाहिलं. त्या दिवशी ती मला आत नेऊन म्हणाली, "आई, बाबांनी बाहेरून काही आणलं आहे का?"

वन्सं, मी काय समजायचं? साबण वेगळा, चादर वेगळी, लहान मुलाला शिवायचं नाही, आणि बायकोला सांगायचं नाही. असले आजार कुठून येतात ते तुम्हालाही माहीत आहे. मी जाऊन माझंही रक्त तपासून घेतलं. या वयात. लॅबमधल्या मुलीने विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, सहज. माझ्यात काही निघालं नाही. मग मशीन उचललं.

त्यांना मी टाकलेलं नाही. त्यांनी मला कधी बाहेर ठेवलं ते मला कळलंच नाही, एवढंच.

तुमची,
भावजय


१६ एप्रिल

ढब्या,

आशीर्वाद देण्याच्या मनःस्थितीत मी नाही.

तुझ्या बायकोचं पत्र आलं. ठकी आजारी नव्हती. माझ्याशी खोटं बोलतोस! तुझ्या बायकोला वाटतं तू बाहेर कुठे तरी शेण खाऊन आलास आणि त्याचा रोग घेऊन आलास. तिने गुपचूप आपलं रक्त तपासून घेतलं आहे. हे वाक्य पुन्हा वाच. मी तीनदा वाचलं.

आणि तिने कशावरून ओळखलं? साबणावरून. वेगळ्या डबीतल्या.

पत्र वाचून मी तशीच उठले आणि आमच्या कोपऱ्यावरच्या लेडी डॉक्टरकडे गेले. गुडघा दाखवायला, असं नर्सला सांगितलं. आत गेल्यावर सरळ त्या जेलचं विचारलं. ती आधी गोंधळली, मग खुर्चीत मागे रेलून हसली. तिने सांगितलं ते लिहिते. जेल लावलं की हात धुवायचे. जेल वाळू द्यायचं. वर शर्ट घालायचा. झालं. बायकोजवळ जायचं असेल, नातीला उघड्या अंगाने घ्यायचं असेल, तर तो भाग आधी साबणाने धुवायचा. कोणत्या साबणाने, मी विचारलं. ती म्हणाली, "घरातल्याच." अंथरूण बाहेर न्यायची काही गरज नाही. शर्ट घातलेल्या आजोबाच्या मांडीवर नात खुशाल बसू शकते. तुझ्या डॉक्टरनेही हेच सांगितलं असणार, आणि तू अर्धंच ऐकून भिंतीमागे गेलास. ती काय किरणं आहेत, गाढवा? मलम आहे!

आणि मी! ज्या बाईने लोकांना जन्मभर "पूर्ण तक्रार सांगा" म्हटलं, तिने एकदाही विचारलं नाही की अंतर म्हणजे किती. वर टॉवेल आणि चादरीची भर घातली. खरजेचा दाखला दिला.

एक गोष्ट लिहू नये, तरी लिहिते. निघताना नर्स म्हणाली, आल्याच आहात तर बीपी बघते. तिने माझा दंड धरला, बाही वर सारली, पट्टा बांधला, आणि तो फुगेपर्यंत हात माझ्या कोपराखाली तसाच ठेवला. जाडजूड, गरम हात होता. माझे डोळे भरून आले. मला संताप आला. बीपी वाढलेलं निघालं, ते त्याचमुळे. मी तुला लिहिलं होतं ना, अंतर ठेवल्याने कोणी मरत नाही, माझ्याकडे बघ? बघू नकोस.

आता उठ, आणि लेकीकडे जा. बायकोला समोर बसवून सांग. फोनवर नाही, समोर. लाज वाटली तर खिडकीकडे बघून सांग, पण सांग. महिनाअखेरपर्यंत तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. गुपित ठेवायचं वचन मी मोडेन, आणि मला त्याचं काही वाटणार नाही.

ताई


२८ एप्रिल

ती. ताईस,
सा. नमस्कार.

जाऊन आलो.

सकाळी जेल लावलंच नाही, म्हटलं आज एक दिवस नको. तरी खांदे दोनदा धुतले. घरातल्या साबणाने. लेकीने दार उघडलं, पण "या" म्हणाली नाही. ठकी आत खेळत होती. मी हात पुढे केले, तर ती आईकडे बघून विचारते, "जाऊ?" मला तिथेच परत फिरावंसं वाटलं.

बायको मशीनवर बसली होती. तिने चाक थांबवलं नाही, म्हणून मी तिच्या पाठीलाच सगळं सांगितलं. हार्मोनचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नाचं सांगितलं आणि मी काय उत्तर दिलं तेही. म्हटलं, तुझ्यात काही कमी नव्हतं. माझ्या रक्तात कमी होतं, आणि ते सांगायची हिंमत नव्हती. साबण का, ठकीला का थांबवलं, सगळं. मध्येच मशीन थांबलं होतं, ते कधी ते मला कळलं नाही. ती वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ताई. मला वाटलं संपलं, सुटलो.

मग तिने एकच विचारलं. "हे आणखी कोणाला माहीत आहे?"

मी म्हटलं, "फक्त ताईला."

"कधीपासून?"

"जानेवारीपासून."

ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. लेक म्हणाली, बाबा, आता तुम्ही जा.

मी काय चुकीचं बोललो? खरं तेच सांगितलं. तू सांगितलंस तसंच केलं.

तुझा,
ढब्या


५ मे

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही त्यांना माझ्याकडे पाठवलंत. त्याबद्दल उपकार मानते. रोगाची भीती गेली. रात्री झोप लागते.

पण तुम्ही म्हणाल, मग ही अजून घरी का जात नाही? ते त्यांना कळणार नाही. तुम्हाला कळेल.

त्यांना साखर निघाली तेव्हापासून रोज जेवणानंतर त्यांचे पाय मी बघते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पायाला लागलेलं यांना कळत नाही, दुसऱ्या कोणी तरी बघत जा. तळवे, टाचा, बोटांमधल्या फटी. मांडीवर पाय घेऊन, चष्मा लावून. आमच्यात बाकी सगळं थांबलं होतं तेव्हाही हे थांबलं नव्हतं. नवऱ्याला मी हात लावत होते तो एवढाच. बाहेरच्या खोलीत गेले तेव्हा म्हणाले, पायही माझे मीच बघतो. त्यांना पोटामुळे वाकता येत नाही, तुम्ही पाहिलंय.

ज्या बाईच्या मांडीवर रोज पाय दिले, तिच्यापासून खांदा लपवला. आणि ते सगळं कागदावर लिहून, पाकिटात घालून, तिकीट लावून तुम्हाला पाठवलं. मी आतल्या खोलीत होते, वन्सं. दोन दारं पलीकडे. रागाने लिहीत नाही. तुम्ही त्यांच्या मोठ्या बहीण आहात, त्यांना आईसारख्या. पण माझ्या घरात कोणी कुठे झोपायचं आणि कोणता साबण लावायचा, हे महिना महिना टपालाने ठरत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

त्या दिवशी ते निघाले तेव्हा मी दाराच्या फटीतून पाहत होते. चपला घालत होते. डाव्या अंगठ्याखाली फोड होता, फुटून काळा झालेला. त्यांना माहीतच नव्हतं. चालणं वाढवलंय ना, त्याने झाला असणार. तसेच जिना उतरून गेले.

म्हणून मी उद्या परत जाते. माफ केलं म्हणून नाही. पाय बघायचा आहे म्हणून.

तुमच्याकडे एकच मागते. यापुढे त्यांच्या अंगाचं जे काही असेल, ते आधी मला कळू दे.

तुमची,
भावजय


१४ मे

चि. ढब्या,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोचं पत्र आलं. ती घरी आली असेल. तू विचारतोस, तुझं काय चुकलं. तिलाच विचार, आणि ती सांगत असताना खिडकीकडे बघू नकोस.

अंगठ्याचं काय झालं, डॉक्टरने काय म्हटलं, ते मी विचारत नाही. चार दिवस हातात पेन धरून बसले आहे ते केवळ हे न विचारण्यासाठी. ते विचारायला घरात माणूस आलं आहे.

एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. जानेवारीत तू मला ते सगळं लिहिलंस तेव्हा मला तुझी काळजी वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला. बऱ्याच वर्षांत मला कोणी काही सांगितलं नव्हतं, जे दुसऱ्या कोणाला माहीत नाही. पोस्टमन जिन्यात आला की मी दाराशी जाऊन उभी राहत होते. तुझ्या बायकोला का सांगत नाहीस ते तुझं तू जाण, असं लिहून मी मोकळी झाले, आणि पुन्हा विषय काढला नाही. मला ते तसंच हवं होतं. खरजेची मुलगी मला उगाच आठवली नाही.

तेव्हा आता ऐक. तुझं रक्त, तुझी साखर, पट्ट्याचं भोक, झोप, जेल, यातलं काही मला लिहायचं नाही. अर्धं तिला आणि अर्धं मला, असंही नाही. जे सांगावंसं वाटेल ते उठून दोन दारं पलीकडे जाऊन सांग. त्याला तिकीट लागत नाही. सगळं तिला सांगून झाल्यावर मला लिहायला काही उरलं नाही, तर लिहू नकोस. मी समजेन की तुमचं बरं चाललं आहे.

माझी चिंता करायची नाही. बीपीची गोळी सुरू केली आहे. दर सोमवारी दाखवायला बोलावलं आहे. मी जाते.

हे पत्र तिला वाचायला दे. सगळं, हे वाक्यसुद्धा. आणि याला उत्तर नको.

तुझी,
ताई

ता. क. तिला स्वतःहून कधी लिहावंसं वाटलं, तर माझा पत्ता तिच्याकडे आहे.